गप्प बसण्याचे सोळा रुपये

हल्ली कोणीही उठतं आणि 'मी काउन्सेलरकडे जाते' असं चारचौघांत खुशाल सांगतं. आमच्या वेळी कलकत्त्यात मनाचे डॉक्टर होते, पण त्यांच्याकडे जायचं ते पदर डोक्यावर ओढून. मी गेले. हौसेने नव्हे हो, आमच्या घरच्या साहेबांनी धाडलं म्हणून.

झालं होतं असं, की माझ्या घशाखाली घास उतरेना. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, घसा ठणठणीत निघाला. मला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं. माझी मुलगी साताऱ्याला सासूबाईंकडे होती. यांची सरकारी नोकरीत कलकत्त्याला बदली झाली तेव्हा तिथे दंग्यांची भीती होती, म्हणून वातावरण निवळेपर्यंत चार वर्षांच्या पोरीला तिथे ठेवलं. वातावरण निवळलं. मग म्हणे शाळा मध्येच कशाला मोडायची. मग म्हणे बंगाल्यांत राहून मराठी विसरेल. अशी दोन वर्षं गेली. 'तिला आणा' असं मी एकदाही म्हटलं नाही. सांगावं का लागावं? हे रोज समोर बसून चवीने आमटी ओरपत होते, माझं ताट दिसत नव्हतं?

तर मनाचे डॉक्टर. बालीगंजला आमच्या घरापासून चालत जाण्याजोगे. तिथे गेलं की खाटेवर आडवं व्हायचं. भर दुपारी, परक्या पुरुषाच्या खोलीत! डॉक्टर डोक्यामागे खुर्ची टाकून बसणार, म्हणजे दिसणारही नाहीत. मनात येईल ते बोला म्हणाले. माझं बंगाली भाजीबाजारापुरतं, आणि त्यांचं हिंदी त्याहून वाईट. मनात काय येणार, कप्पाळ! छतावर पाल होती, तिच्याविषयी बोलले. मागून 'हूं' असं आलं. त्या 'हूं'चे सोळा रुपये.

आणि ते पैसे म्हणे पेशंटने स्वतःच्या हाताने द्यायचे, त्याशिवाय गुण येत नाही. एखादे दिवशी गेलं नाही तरी द्यायचेच. माझ्या हातात कधी दूधवाल्यापलीकडे पैसा आला नव्हता. मग आमची स्वारी पाकिटात सोळा रुपये घालून ते माझ्या हाती देणार आणि मी ते डॉक्टरांच्या हाती देणार. झालं शास्त्र पुरं! वर दारातून बजावायचे, "गप्प बसून येऊ नकोस हो, तेवढेच पडतात." संध्याकाळी विचारायचे, "आज काय काय बोललीस?" बाजारातून आणलेली भाजी पिशवीत हात घालून तपासावी ना, तसं.

काही महिन्यांनी एकदा माझा बांध फुटला. मुलीचं सगळं सांगितलं, निम्मं मराठीतच. मागून आवाज आला, "आपनार खूब ओभिमान."

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. अभिमान? मला? पोर नजरेआड झाली, अन्न तुटलं, आणि हा मेला म्हणतो तुम्हाला फार अभिमान! पाकीट टेबलावर आपटलं, पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलं आणि तरातरा घरी आले.

जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या, बंगालीच. त्यांना तावातावाने सगळं सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही म्हणता त्याला आम्ही गर्व म्हणतो. अभिमान वेगळा. परक्याने दुखावलं की राग येतो. आपल्या माणसाला न सांगता कळायला हवं आणि कळत नाही, तेव्हा जो येतो तो अभिमान."

मी तिथेच पायरीवर बसले. मेला बरोबर बोलला होता. पण सोळा रुपयांत अर्थ सांगायला काय जीभ झडली होती त्याची? आणि मी तरी न सांगता कळण्याची वाट पाहत होते ती कोणाकडून!

त्या संध्याकाळी यांना स्वच्छ सांगितलं, "मुलीला आणा." हे पेपर खाली न करता म्हणाले, "बघू. डॉक्टरांचं काय म्हणणं पडतं ते विचार आधी."

बरं म्हटलं.

त्यानंतरही पाकिटं येत राहिली. मी ती घ्यायची आणि जवळच्या तळ्यावर जाऊन झाडाखाली बसायची. संध्याकाळी काहीबाही ठोकून द्यायची, स्वप्नात हत्ती आला, लहानपणी विहिरीत पडले होते, वाट्टेल ते. हे खूश. "पैसे वसूल होताहेत," म्हणायचे. जाण्याचं एक आणि येण्याची दीड अशी तिकिटं निघतील एवढं जमल्यावर एका सकाळी पान वाढताना सांगितलं, की आज संध्याकाळच्या मेलने मी साताऱ्याला निघालेय.

"डॉक्टरांना विचारलंस?" एवढंच सुचलं त्या माणसाला.

साताऱ्याला पोचले तेव्हा मुलगी अंगणात होती. केवढी वाढली होती! तिने मला ओळखलं, पण धावत आली नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आई आली तुझी, पाया पड." ती शहाण्यासारखी पाया पडली आणि म्हणाली, "तुम्ही किती दिवस राहणार आहात?"

तुम्ही! आमच्याकडे आईला कोणी अहोजाहो करत नाही, पाहुण्यांना करतात.

"तू म्हण गं, गाढवे," मी म्हटलं.

तिने मान वळवली आणि आजीला विचारलं, "म्हणू?"