हीरोची गाडी आणि साराबाईंचा मलिदा

माननीय रूबेन थळकर यांची आणि माझी पहिली भेट इस्रायलच्या वाळवंटात, मित्स्पे रामोनच्या बसस्टॉपवर झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेचे मोठे फिल्म प्रोड्यूसर येणार म्हणून त्यांच्या शूटिंगची इथली व्यवस्था पाहणारी मी कडक इस्त्री करून उभी, आणि साहेब उतरले ते साध्या बसमधून. मी हिब्रूत स्वागत केलं. त्यांनी ठाण्याच्या मराठीत विचारलं, चहा कुठं मिळेल?

विशीत ठाणं सोडून अमेरिकेला गेलेले साहेब लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत फिल्मचे डबे वाहत. पुढे एडिटिंग शिकले, मग प्रॉडक्शनची व्यवस्था पाहू लागले, आणि पन्नाशीच्या आत स्वतःची कंपनी काढली. त्यांचे चित्रपट जगभर चालले. ठरल्या दिवशी काम पुरं, ही त्यांची ख्याती. शूटिंगचा वेळ फुकट घालवणाऱ्याची ते गय करीत नसत. मीही त्यांची बोलणी खाल्ली आहेत, आणि ती लागलीही आहेत.

आता तो दिवस सांगते. बाजाराचा सीन होता. गर्दीसाठी डिमोना गावात वसलेली आपली मराठी ज्यू माणसं मी बसनं आणली होती. त्यांत आमच्या शेजारच्या साराबाई. त्यांचा सैन्यातला नातू दानी लेबनॉनच्या लढाईतून सुखरूप रजेवर आला होता. त्यासाठी आपल्या संदेष्ट्याला, एलियाहू हन्नावीला, बोललेला नवस फेडायचा, म्हणून त्यांनी मलिद्याचं ताट बरोबर आणलं होतं. प्रार्थनेला लागणारी पुरुषमंडळी तिथंच होती. मधल्या सुट्टीत ताटावर बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणून घेऊ, असा बेत.

अमेरिकन मंडळींना काय ठाऊक! पोहे, खोबरं, गूळ, केळी दिसली. न्याहारी समजून त्यांनी वर दूध ओतलं आणि बराखा होण्याआधीच ताट चाटूनपुसून साफ केलं.

साराबाई ओरडल्या नाहीत. पदर खोचून घरी जायला बसपाशी जाऊन बसल्या. त्यांच्यामागं सगळ्या बाया उठल्या. हीरो संध्याकाळच्या विमानानं परत जाणार होता. साहेब तरातरा येताना दिसले आणि मी म्हटलं, मेले आता.

साहेब साराबाईंजवळ जमिनीवर बसले. काय झालं ते ऐकून घेतलं. मग विचारलं, दानी परत कधी जाणार?

"उद्या," साराबाई म्हणाल्या. "नवस अर्धा ठेवून कसा पाठवू?"

साहेब उठले. "कॅमेरा बंद. आधी ताट, मग काम."

हीरोची गाडी डिमोनाच्या इंडियन दुकानात पोहे-नारळ आणायला गेली. हीरो बिचारा छत्रीखाली घाम पुसत बसला. खोवणी नव्हती, तर साहेबांनी सुतारांकडचा कोरा पत्रा खिळ्यानं भोकं पाडून घेतला आणि स्वतः खोबरं किसलं. बराखा झाली, सगळ्यांनी आमीन म्हटलं, तोवर सकाळ संपली होती. सीन अर्धाच झाला. पैसे घालणाऱ्यांनी अमेरिकेहून फोनवर त्यांची चांगली खरडपट्टी काढली. निर्णय माझा होता, एवढंच ते म्हणाले. चित्रपटात तो बाजार डोळा लवेपर्यंत संपतो.

दानी आज दोन मुलींचा बाप आहे.

साहेबांना पंचाहत्तरावं लागलं. मध्यंतरी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, प्रवास बंद आहे. आपल्यात आयुष्य मागायचं तर एकशे वीस वर्षांचं मागतात, आम्हीही त्यात कमी करणार नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी काय लिहू, असं मी साराबाईंना विचारायला गेले. त्यांना आता नीट दिसत नाही.

"त्याला लिही, तुझ्या नावानं नवस बोललेय," त्या म्हणाल्या. "बरा होऊन ये. तू आल्याशिवाय मी ताट करायची नाही, आणि मला फार थांबता यायचं नाही."