पडद्यावरची पवनचक्की

पाटणला आमच्या फोटो स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. निळं पाणी, लाल पवनचक्की आणि तिच्यामागे बर्फाचे डोंगर. निम्म्या तालुक्याची लग्नं त्या पडद्यामुळे जुळली असतील, कारण मुलीचा दाखवायचा फोटो तिथेच निघायचा. मग घरोघर डिजिटल कॅमेरे आले, गिऱ्हाईक आटलं आणि गेल्या दिवाळीनंतर बाबांनी शटर ओढलं. तेव्हापासून त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "झालं आता."

म्हणून यंदा उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे आइंडहोवनला आले, तेव्हा मी मनाशी ठरवलंच होतं. बाबांना खरी पवनचक्की दाखवायची आणि त्यांच्या हातून एक तरी फोटो काढून घ्यायचा. आईही कटात सामील होती. बाबांचा जुना एसएलआर कॅमेरा आणि एक रोल तिने लोणच्याच्या बरण्यांशेजारी साड्यांत गुंडाळून आणला होता. नवऱ्याला, मंदारला, रजा मिळाली नाही, तेव्हा आम्ही तिघंच निघालो. तुम्ही जाणार असाल तर रेल्वेचं सवलतीचं कार्ड नक्की काढा, सोबतच्यांनाही चाळीस टक्के सूट मिळते.

पहिला मुक्काम ॲमस्टरडॅम. स्टेशनबाहेर पडलं की पाणी, पूल, सायकली आणि एकमेकींना खेटून उभी चिंचोळी घरं, त्यातली काही चक्क पुढे झुकलेली. सामान वर चढवायला प्रत्येक घराच्या माथ्यावर आकडा असतो. मी वेड्यासारखी फोटो काढत सुटले. संध्याकाळपर्यंत माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं आणि बाकावर बसून जुने फोटो पुसायची वेळ आली.

बाबांच्या गळ्यात आईने आग्रहाने अडकवलेला कॅमेरा होता, पण तो शोभेपुरता. प्रत्येक पुलावर थांबायचे, डोळे बारीक करून पाण्याकडे बघायचे आणि पुढे चालू लागायचे.

"काढा की एखादा," मी म्हटलं.

"तू काढतेयस की. तुझं बटण दमलं की सांग."

जेवणाचं म्हणाल तर आईने थालीपिठं आणि लसणाची चटणी बांधून घेतली होतीच, वर कागदी कोनातले बटाट्याचे गरमागरम काप घेतले. त्यावर इथे मेयोनेज घालतात. आईने ते बोटाने बाजूला सारून चटणी भुरभुरवली आणि शेजारी बसलेल्या आजोबांना आग्रहाने एक काप दिला. आजोबांना ठसका लागला, मग त्यांनी आणखी एक मागून घेतला. सार्वजनिक स्वच्छतागृहाला पन्नास सेंट पडतात, सुटे जवळ ठेवा. आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

रात्री डेल्फ्टला राहिलो. रात्री म्हणायचं ते घड्याळाकडे बघून, कारण नऊ वाजून गेले तरी विटांच्या भिंतींवर सोनेरी ऊन होतं. मला डेल्फ्ट ॲमस्टरडॅमहून जास्त आवडलं. लहानसं, नेटकं, कालव्यावर हिरवं शेवाळ आणि खिडक्यांना पडदे नाहीत. लोक आत दिवा लावून निवांत वाचत बसलेले दिसतात. बाबा बराच वेळ चौकात उभे राहिले.

"एवढा उजेड," ते हळूच म्हणाले, "आणि आम्ही आयुष्यभर बंद खोलीत दिवे लावत बसलो."

मला वाटलं, आता तरी कॅमेरा उचलतील. पण त्यांनी झाकण काढलं, काच पुसली आणि पुन्हा लावून टाकलं.

शनिवार मुद्दाम किंडरडाइकसाठी राखला होता. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी दुपारी तिथल्या पवनचक्क्या फिरत्या ठेवतात. रॉटरडॅमहून बस मिळते. बसमधून उतरलो आणि समोर पाण्याच्या दोन्ही अंगांना पवनचक्क्यांची रांग, पाती सावकाश फिरतायत, मागे नुसतं आभाळ. मी दुसऱ्यांदा आले होते तरी तोंडातून "अहाहा" निघालंच.

बाबा मात्र भलतंच काही शोधत होते. "डोंगर कुठायत?"

"बाबा, या देशात डोंगर नसतात."

"मग आमच्या पेंटरने कुठनं आणले?"

आई पदर तोंडाला लावून हसली. "अहो, पवनचक्क्या आता आपल्या वनकुसवड्याच्या पठारावर पण झाल्यात की."

"त्या कसल्या पवनचक्क्या! विजेचे खांब नुसते."

एवढ्यात एक डच कुटुंब आमच्याकडे आलं. आजी, तिचा मुलगा, सून, दोन नाती. मुलाने बाबांच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि स्वतःचा पुढे करत इंग्रजीत विचारलं, आमचा एक फोटो काढाल का? बाबा नाही म्हणायच्या आत तो त्यांच्या हातात होता.

आणि मग आमचा स्टुडिओ उघडला. बाबांनी आजीला बाकावर मधोमध बसवलं. सुनेला उजवीकडे, मुलाला मागे, नातींना उंचीप्रमाणे. मुलाची कॉलर स्वतः नीट केली. "चिन डाऊन. नो नो, टू मच. हँड ऑन नी. मॅडम, स्माईल, बट लिटल!" आजीबाई पाटणच्या कुठल्याही आजीइतक्याच ताठ बसल्या. बाबांनी एक फोटो काढला आणि लगेच दुसरा. डोळे मिटले असतील तर म्हणून दोन, हा आमच्या स्टुडिओचा नियम होता. आजींनी फोटो पाहिला आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरून "दांक यू वेल, दांक यू वेल" म्हणत राहिल्या. ते बघून एका जपानी जोडप्यानेही आपला कॅमेरा पुढे केला.

ते गेले तशी आई म्हणाली, "सगळ्या जगाचे काढा. फोटोवाल्याच्या घरात माझा एकटीचा एक फोटो नाही."

ती हे नेहमीच म्हणायची आणि आम्ही नेहमीच हसायचो. पण खरंच नव्हता. पडदा रिकामा झाला की तिची स्वयंपाकाची वेळ झालेली असायची. यावेळी बाबा हसले नाहीत. त्यांनी गळ्यातल्या कॅमेऱ्याचं झाकण काढून खिशात टाकलं.

"जा. तिथे कठड्यापाशी उभी राहा. पदर नीट घे."

"अहो, पायात बूट आहेत."

"बूट फोटोत येत नाहीत. माझ्याकडे बघ."

वारा होता, स्वेटरवरचा पदर उडत होता, मागे पवनचक्की फिरत होती. बाबांनी किती वेळ लावला! खटका वाजला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. दुसरा फोटो मात्र त्यांनी काढला नाही. चष्मा काढून डोळे पुसत होते. वाऱ्यामुळे, म्हणाले.

रोल इथेच धुऊन घेऊ म्हटलं, तर बाबांनी ऐकलं नाही. अख्खा रोल बाकी असताना धुवायला देणं म्हणजे त्यांच्या मते पाप. तो तसाच कॅमेऱ्यात ठेवून ते परत गेले. मी माझे शेकडो फोटो कॉम्प्युटरवर चढवले आणि अजून धड पाहिलेले नाहीत.

परवा पाटणहून जाडजूड पाकीट आलं. वरच किंडरडाइकचा फोटो होता. उजेड सुरेख, पवनचक्की सुरेख, पदर उडालेला, आणि आईचे डोळे घट्ट मिटलेले. मी कपाळावर हात मारला.

त्याखालचा फोटो बाहेर उघड्यावर काढलेला. वनकुसवड्याचं पठार, त्यावर ते विजेचे खांब, पाती फिरतायत आणि मागे आपले खरे डोंगर, एकामागे एक. समोर आई. डोळे टक्क उघडे.

आणि तसलाच आणखी एक. नियमाप्रमाणे.