पोखर्णीचा अंगारा, आपाच्या चुलीतला

परभणीत स्टेशनाच्या पल्याड एक घर होतं. तिथं जाणारा एकबी माणूस तिथं जात न्हवता. कुणालाबी विचारा. कुणी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलेला असायचा, कुणी कोर्टात तारखेला, कुणी आजारी साडूला बगायला. एवढे साडू आजारी पडायचे की दवाखान्यात बाकीच्याला खाट कशी मिळायची कोण जाणे.

घर आपाचं. आपा म्हणजे मोठी बहीण, पण सत्तरीतले म्हातारेबी तिला आपाच म्हणायचे. हिंदू का मुसलमान, कुणाला ठाऊक न्हवतं, आन विचारायची छाती न्हवती. घरात पोरी होत्या, धंदा होता. झाकून सांगत न्हाई.

आपाचे कायदे होते. आत आलं की चपला काढून पोत्यात टाकायच्या, म्हणजे दारात कुणाचं पायताण कुणाला वळखू येऊ नये. बैठकीत बसलं की कुणी कुणाला वळखायचं न्हाई. दोन सख्खे भाऊ शेजारी बसून एकमेकाला "कोणत्या गावचे पावणे?" विचारताना मी सोता बगितलेत. आन जाताना आपा कागदाची पुडी द्यायची. आत अंगारा, पोखर्णीचा म्हणून. घरी जाऊन बायकोच्या कपाळाला लावायला. तो अंगारा आपाच्या चुलीतला होता. अर्ध्या जिल्ह्यातल्या सवाष्णी त्या चुलीला पाया पडल्यात.

मी त्या घरात नकला करायचो. बारावी झालो होतो, नोकरी न्हवती, तोंड होतं. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर नकला केल्या की टाळ्या मिळायच्या, आपाकडं जेवायला मिळायचं. गिऱ्हाईक बैठकीत थांबलेलं असताना करमावं म्हणून मी जमादार करायचो, तहसीलदार करायचो, माझ्याच शाळेचे हेडमास्तर करायचो. हेडमास्तर सोता समोर बसलेले असायचे. ते हसायचे आन विचारायचे, "हे कोण रे?" मी म्हणायचो, "हायत एक, लय सज्जन हायत."

माझ्या नकलेला हसताना माझी जात कुणी विचारत न्हवतं. तांब्याला हात लावला की मातर सगळ्यांला आठवायची. आमी बौद्ध. त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावात आमची घरं जळालेली. जे लोक दिवसा चौकात नामांतराच्या विरोधात घसा फोडायचे, तेच सांजच्याला आपाकडं येऊन तोच घसा पानानं ओला करायचे. मला लय सोपं जायचं. एकच आवाज, सकाळी धर्म, सांजच्याला गजरा.

माझा मामा, मायचा थोरला भाऊ, सोनपेठकडच्या एका गावात सालगडी होता. सालगडी म्हणजे पाडवा ते पाडवा मालकाच्या दारात राबायचं. पाडव्याला नारळ हातात घेतला की पुढचं साल बांधलं गेलं. जुनी उचल फिटली न्हाई म्हणून मालक दर पाडव्याला नारळ द्यायचा, आन मामा दर पाडव्याला घ्यायचा. मला मिसरूड फुटायच्या अगोदरपासून हेच.

त्या वर्षी मालक मामाला म्हणला, "का रे, तुला विद्यापीठ कशाला पायजे? तुला सही येती का?"

मामा म्हणला, "मला नगं मालक. पर नाव बदललं तर तुमच्या पोटात कशाला दुखायलंय?"

एवढंच. पण ते वस्तीत गेलं, आन गावातले सगळे सालगडी बोलायला लागले, औंदा पाडव्याला कुणीच नारळ धरायचा न्हाई. गावानं लगेच वस्तीला गिरणी बंद केली, दुकान बंद केलं. पीठच न्हाई तर किती दिवस ताठ राहतील, असा हिशेब. आन मालकानं ठरवलं, मामाला पाडव्याच्या आत धरून आणायचा आन सगळ्यांच्या देखत त्याच्याच हातात नारळ द्यायचा. मामा वाकला की बाकीचे एकामागं एक वाकणार, हे मालकाला कळत होतं आन वस्तीलाबी. मामी म्हणली, तू नीघ. मामा रानातून चालत, मग ट्रकात बसून परभणीला आला आन माझ्यासमोर उभा राहिला.

एसटी स्टँडवर मालकाची माणसं, आमच्या वस्तीत मालकाची माणसं. म्या त्याला आपाकडं नेलं. दुसरीकडं कुठं न्यायचा?

आपानं त्याला वरून खालून बगितलं. "मालक कोण तुझा?"

मामानं सांगितलं.

"हां, तो. जोडे घालून गालिच्यावर येतो. इतक्यांदा सांगितलं, काढत न्हाई." आपा पानाची शीर काढत म्हणली. "राहू दे ह्याला."

पुण्य म्हणून केलं का, दया म्हणून केलं का, मला म्हाईत न्हाई. तिनं जोड्याचंच कारण सांगितलं. त्याच आठवड्यापासून वस्तीत पीठ जायला लागलं. आपाकडं येणारा एक ट्रकवाला भुशाच्या पोत्याखाली पिठाची पोती घालून न्यायचा. त्याच्या बायकोला वाटायचं तो देवगाव फाट्यावर मुक्कामाला असतो, तवा त्याचं तोंड बंदच. आपा चांगली बाई होती असं मी लिहिणार न्हाई. म्या एकदा म्हणलं, "आपा, तुमच्या पोरी बी सालगडीच की. त्यांचा पाडवा कदी?" ती म्हणली, "तू नकला कर." एक पोरगी दारात उभी होती. ती आत गेली.

मामाला लय लाज. मान वर करायचाच न्हाई. पोरी त्याला मामा म्हणायला लागल्या, तसा तो लसणाचं टोपलं घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसला. मला म्हणला, "तुझ्या मायला सांगू नगं कुठं हाय म्हणून."

"काय सांगू?"

"पोखर्णीला हाय म्हण."

मग एक दिवस मला खोडी सुचली. मालकाचा आवाज माझ्याकडं होता, लहानपणी सुट्टीत मामाच्या गावात ऐकलेला. वाड्याच्या दारात आला की मालक वरडायचा, "कोण हाय रे तिकडं?" कोण म्हणजे मामा, दुसरं कोण असणार. म्या बैठकीच्या मागच्या दाराच्या पडद्याआडून तसाच आवाज लावला, नाकातून, शेवट लांबवून.

मामा ताडकन उठला. लसूण सांडला. मुंडासं हातात घेतलं आन वाकून "जी मालक" म्हणत पडद्यापर्यंत आला.

मी हसलो. आपानं माझ्या टाळक्यात मारली. मला वाटलं रागावली. ती म्हणली, "हसतो काय? रोज कर. त्याला बसायला शिकव."

मग रोज तेच. पडद्याआडून "कोण हाय रे तिकडं?" मामा उठायचा. मग अर्धा उठायचा. मग नुसते गुडघे हलायचे. पोरी अंगणात येऊन बसायला लागल्या, "मामा, उठू नका, उठू नका," म्हणून. एक दिवस मामा हलला न्हाई. नुसता लसूण सोलत राहिला, कपाळाला घाम. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणला, "हाय की. तुला काय पायजे?" आपा आतून म्हणली, "अजून बोल. घसा हाय ना?" मामाला मजा वाटायला लागली. शिव्या त्याला अगोदरपासून येत होत्या, फकत आतापर्यंत बैलांला द्यायचा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बैठक रिकामी असती. सणाची खरेदी, बायका सोडत न्हाईत. त्या दिवशी दिवेलागणीला दोघंच होते, मोंढ्यातला एक कापसाचा व्यापारी आन आमचे हेडमास्तर. मी जमादार करून दाखवत होतो. जमादाराचं पोट धरून उभा होतो तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कोण हाय रे तिकडं?"

हुबेहूब. माझ्यापेक्षा चांगला. मालकच होता. दिवसभर परभणीत मामाला हुडकून दमलेला, जरा इसावा घ्यावा म्हणून आलेला. मी पोट धरून तसाच उभा.

आतून मामा मजेत वरडला, "तुझा बाप हाय. ये की. जोडे काढ अगोदर."

आन पडदा सरकवून हसतच बाहेर आला, हाताला लसणाची सालं. मला बगितलं, माझं तोंड बंद. मग दाराकडं बगितलं.

मामाचा हात मुंडाशाकडं गेला. अर्ध्यावर गेला आन तिथंच थांबला. त्या हाताकडं आपाबी बगत होती, मीबी बगत होतो. हात खाली आला.

मालकाचं तोंड मिरची ठेचल्यावानी झालं. एक पाऊल पुढं टाकलं, तसं त्याचं लक्ष बैठकीत गेलं. व्यापारी त्याचा कापूस घ्यायचा. हेडमास्तरांच्या मुलीचं मालकाच्या पोराशी ठरत आलेलं, पाडवा झाला की बोलणी. हेडमास्तर छताकडं बगायला लागले. छताला काय न्हवतं.

आपा उठली. लय गोड आवाजात म्हणली, "वळख हाय का तुमची? सालदार-बिलदार हाय का तुमचा? न्यायचाय का? न्या की. आमी सगळे सांगू कुठं गावला ते."

मालक म्हणला, "न्हाई."

"कदी बगितलंय?"

"न्हाई म्हणलं ना."

आपा मामाकडं वळली. "तुमी वळखता का मामा, ह्यांला?"

मामानं बगितलं. लय वेळ बगितलं. इतकी वर्षं त्या तोंडाकडं असं बगायची मुभा न्हवती, तवा आता बगून घेतलं असंल. म्हणला, "न्हाई आपा. आमच्याकडचे न्हाईत."

हेडमास्तरांला काय सुचलं कोण जाणे, आयुष्यभर शिस्त शिकवलेली. आपाचा कायदा पाळावा म्हणून ते छताकडं बगतच मालकाला म्हणले, "कोणत्या गावचे पावणे?"

माझं हसू दाताखाली दाबून माझे गाल दुखले.

मालक वळला. आपा म्हणली, "रिकाम्या हातानं कसं जाता, सण हाय. मामा, पावण्याला अंगारा द्या."

गावात मामाच्या हातातलं काय घ्यायचं तर मालक वंजळ धरायचा आन मामानं वरून टाकायचं. हाताला हात लागता कामा नये. मामानं पुडी तळहातावर ठेवली आन हात पुढं केला. टाकली न्हाई. मालक उभा, मामा उभा. व्यापारी बगायलाय, व्याही बगायलाय, आन न घ्यावी तर कारण काय सांगावं? वळख तर न्हाईच. मालकानं दोन बोटानं पुडी उचलली. बोटं लागली. पुडी खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मालकानंच गावात सांगितलं की मामा ममईला पळाला, आता गावत न्हाई, हुडकू नका. एसटी स्टँडवरची माणसं बोलावून घेतली. मामाला लपवायचं काम मालकानं आमच्यापेक्षा बरं केलं. वाड्यात नारळ मांडून ठेवलेले होते. धरायला कुणी आला न्हाई, एकबी. काही दिवसांनी गिरणी चालू झाली. दया आली म्हणून न्हाई, गिरणीवाल्याच्या पोटाला चिमटा बसला म्हणून.

मामी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पिठाच्याच ट्रकात बसून परभणीला आली. आपाच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला न्हाई, मागच्या अंगणाच्या दारात बसून सांगत होती. मालक पाडव्याच्या सकाळी वाड्यात "कोण हाय रे तिकडं" म्हणून वरडत होता, चार घरापलीकडं ऐकू जात होतं. मग सोताच गुढी उभी केली. वाकडी. मालकीण कपाळाला अंगारा लावून खालून सांगत होती, इकडं घ्या, तिकडं घ्या.

"लय वाकडी?" मामानं विचारलं.

"दारूड्यावानी."

दर साली ती काठी मामाच बांधायचा. हात चुळबुळायला लागले त्याचे.

म्या नाकातून आवाज लावला, "कोण हाय रे तिकडं? सरळ कर."

मामानं बसल्या जागेवरून चप्पल फेकून मारली. बरोबर लागली.