रिकामं जातं

लढाईच्या त्या वर्षांत कारंज्यात भाव असे चढत होते की सकाळी ऐकलेला भाव संध्याकाळी पुन्हा विचारायची भीती वाटायची. बाबा एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. पगार होता तोच होता. रॉकेल महागलं, साखर दिसेनाशी झाली, तिथवर आईनं कुरकुर केली नाही. ज्वारी हाताबाहेर गेली तेव्हा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. माझा धाकटा भाऊ अजून अंगावर पीत होता आणि तिचं दूध आटत चाललं होतं. दूध टिकायचं तर तिच्या पोटात भाकर हवी, आणि ती तर आम्हाला वाढून स्वतः पाणी पिऊन उठायची. बाळ कोरडंच ओढत राहायचं आणि रडायचं. मला हे दिसत होतं. बाबांना दिसत नव्हतं, कारण त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जायचं.

गावात काहीच होत नव्हतं असं नाही. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मिळून स्वस्त धान्याचं दुकान काढलं होतं. तिथं खरेदीच्या भावात ज्वारी मिळायची, फक्त रांगेत उभं राहावं लागे. पण त्या व्यापाऱ्यांत बाबांचे शेठही होते, आणि बाबा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. आईनं एकदा भीत भीत विषय काढला.

"शेठच्या डोयासमोर पिशवी घेऊन उभा राहू काय मी? आमी काय भिकारी हाओत?" असं म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. तिनं जायचं म्हटलं तर तेही नाही, दिवाणजींची बायको रांगेत कशी दिसेल. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, आजही येतो.

आता आमच्या आळीची गोष्ट अशी, की पहाटे कोणाचं जातं फिरलं आणि कोणाचं नाही, हे अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्यांना कळायचं. ज्या घरचं जातं गप्प, त्या घरात दाणा नाही. आईला याची फार धास्ती. म्हणून कणगी तळाला गेली तशी ती एक दिवसाआड रिकामंच जातं फिरवायला लागली. मी समोर बसून खुंट्याला हात लावायची. दगडावर दगड घासायचा, जळका वास यायचा, दातात कचकच आल्यासारखं वाटायचं. घरघर झाकावी म्हणून ती वर मोठमोठ्यानं ओव्या म्हणायची, तेही उपाशीपोटी.

"आई, कायले फिरवतं वं? जातं खराब होईन ना," मी वैतागून म्हणायची.

"तू गुमान फिरव."

कोणतीही बाई सांगेल की रिकामं जातं वेगळं वाजतं. आईलाही ठाऊक असणारच. पण जीव घाबरला की माणसाला कुठलं काय सुचतं.

आमच्या भिंतीला लागून एका रंगाऱ्याचं घर होतं. त्या घरच्या बाईला आम्ही पोरं चाची म्हणायचो. एका पहाटे ती सुपात ज्वारी घेऊन दारात उभी राहिली. "बाई, आमचं जातं बसलं, दगड पार गुळगुळीत झाले. टाकी लावणारा गावात येऊनच नाही राह्यला. तुमच्या जात्यावर दळू देता काय?"

आईचा चेहरा उतरला. पण जातं मागायला आलेल्या बाईला कोणी नाही म्हणत नसे. दुसरी रीत अशी होती, की परक्याच्या जात्यावर दळलं की मूठभर पीठ तिथंच ठेवून उठायचं, जात्याचा मान म्हणून. चाचीनं मूठ नाही, ओंजळ ठेवली, आणि ती आईकडे न बघता गेली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरची सून आली. तिचंही जातं बसलेलं. मग तिची जाऊ, मग समोरची म्हातारी. त्या आठवड्यात आमच्या आळीतली सगळी जाती एकदम बसली, एवढी मोठी आपत्ती कधी कोणी ऐकली नसेल. आईला सगळं कळत होतं. ती लाजेनं मान वर करत नव्हती, पण त्या पिठाच्या भाकरी करत होती, आणि आता स्वतःही खात होती. बाळाचं रडणं कमी झालं.

माझा मात्र जीव टांगणीला. हंगामाचे दिवस, बाबा थकून पडलेले असायचे, तरी एखाद्या दिवशी उठतील आणि बायांसमोर काहीतरी बोलून बसतील, या धाकानं मी खुंटा सोडून सारखी आतल्या खोलीकडे बघायची.

आणि उठलेच ते. चाची दळत होती, आणखी दोघी ओसरीवर वाट बघत होत्या. बाबा दारात आले, सगळ्यांकडे बघितलं आणि खोचकपणे म्हणाले, "काहून, साऱ्या आळीची जाती एकदमच बसली काय? का आमाले भीक घालून राह्यल्या?"

बायांनी माना खाली घातल्या. आई उठली. ती बाबांसमोर उभी राहून बोललेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"म्या किती दिवस रिकामं जातं फिरवलं," ती म्हणाली. "या बायांले भितीपलीकडून ऐकू आलं. तुमी इथं हातभरावर झोपले होते, तुमाले नाही आलं."

 बाबा आत गेले, तोंड धुतलं, खुंटीवरची पिशवी काढली आणि स्वस्त धान्याच्या दुकानाकडे निघाले. चांगलं उजाडलं होतं, रस्त्यावर माणसं होती.

आई पुन्हा जात्याशी येऊन बसली. बोलून मोकळी झाली होती, मान थोडी ताठ दिसत होती. चाचीच्या हाताखाली खुंटा धरत तिनं विचारलं, "भाभी, पण तुमाले बरोबर कसं समजलं, का रिकामं हाये म्हणून?"

"समजते ना," चाची जात्यात घास टाकत म्हणाली. "मागच्या साली आमचं रंगाचं काम बंद पडलं होतं. तवा मी बी रिकामंच फिरवत होती. लय दिवस."

आईचा हात थांबला. "मंग मले कसं ऐकू नाही आलं? मधात भीत तं एकच हाये."

"कसं येईन, बाई," चाची साध्या आवाजात म्हणाली. "तवा तुमचं जातं भरेल होतं."