साहेबाच्या हातचं कुंकू

औंढ्याच्या गेणूइतका भोळा चेहरा अख्ख्या मावळात कुणाचा नसेल, आणि त्या चेहऱ्याआडचा माणूस म्हणजे एक नंबरचा बिलंदर. तळेगावच्या बाजूला एका विलायती कंपनीत आम्ही दोघं लोखंडी पत्रे दाबायच्या खात्यात होतो. सन अडुसष्टची गोष्ट.

आमच्या चार नंबरच्या प्रेसला खोड होती. पेडलवर पाय नसला तरी वरचा ठोकळा मनाला येईल तेव्हा खाली यायचा. पुढची जाळी मोडून वर्ष झालेलं. याच प्रेसने वराळ्याच्या हौशीरामची तीन बोटं घेतली. कंपनीने त्याच्या हाती झाडू दिला आणि आम्हाला सांगितलं, नवी जाळी जहाजात आहे. कसलं डोंबलाचं जहाज, बैलगाडीने निघाली असती तरी एव्हाना पोचली असती! तेवढ्यात फळ्यावर नाव लागलं: दसऱ्यानंतर चार नंबरवर गेणू. ते वाचून तो हसला नाही, तेव्हाच मी ओळखलं, गडी टरकलाय. बायकोला, सावित्राबाईला, त्याने सांगितलंसुद्धा नाही.

खंडेनवमीला वीज बंद करून आम्ही यंत्रं पुजायचो. मोठा साहेब बूट काढून यायचा, नारळ फोडायचा, फोटो काढून घ्यायचा. त्या वर्षी पूजेचं ताट गेणूने मागून घेतलं आणि साहेबाला थेट चार नंबरपुढे नेलं. हेडक्लार्ककरवी त्याने अगदी अदबीने कळवलं, की कुंकू बाहेरून लावून चालत नाही. आत, ठोकळ्याखालच्या साच्याला लावायचं, तेही मालकाच्याच हाताने. असला रिवाज आमच्या बापजाद्यांनी ऐकला नव्हता. तरी आम्ही साठ जणांनी माना डोलावल्या.

साहेबाने बोट कुंकवात बुडवलं. हात पुढे नेला, वर टांगलेल्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. वीज बंद आहे, असं हेडक्लार्कने दोनदा सांगितलं. साहेब म्हणाला, आधी लाकडाचा टेकू लावा.

गेणू ताट धरून तसाच उभा. "साहेब, आमी चालू प्रेसमंदी दिसाला हजार येळा हात घालतो. आमाला कुटं टेकू हाय?"

हेडक्लार्क खोकत बसला. पण साहेबाला भाषांतर लागलं नाही. लाल झालेलं बोट तसंच हवेत धरून तो आमच्याकडे बघत राहिला. मला तर असा आनंद झाला की काय सांगू.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी खोड दुरुस्त झाली आणि जाळीही बसली. ती आली आमच्याच गोदामातून. बसवायला दोन दिवस प्रेस बंद ठेवावी लागेल म्हणून खोकं तसंच पडून होतं. गेणूने खात्यात पेढे वाटले, आम्ही टाळ्या पिटल्या.

खोक्यातला भुसा झाडायला हौशीरामला बोलावलं. माल आल्याची तारीख खोक्यावरच होती. ती त्याने दोनदा वाचली.

"माजी बोटं जायच्या दोन महिनं आदी आलंय हे," तो म्हणाला, आणि भुसा गोळा करू लागला.