काशीची सवाष्ण

नवीन बाई भेटली की अक्का आधी तिचं नाव विचारायच्या, आणि सांगितलेल्या नावावर त्यांचं समाधान होत नसे. बेंगळुरात बसवनगुडीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं बघायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी मला फाटकातच अडवलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि माझ्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते.

"नाव?"

"मधुरा."

"हे सासरच्यांनी ठेवलेलं. सरी, ठीक. आता मूळचं सांग."

"सुलभा," मी म्हटलं. चार महिन्यांत ते नाव तोंडात आलं नव्हतं. मला उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटलं.

"हां. मग आत ये, सुलभा." भाडं, पाणी, डिपॉझिट हे सगळं त्यानंतर. पुढची सहा वर्षं बेंगळुरात मला सुलभा म्हणणाऱ्या त्या एकट्याच. माझा नवरा सुरुवातीला दचकायचा. घरात तिसरंच कुणी राहतंय की काय, असं त्याला वाटायचं.

अक्का तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पुढच्या गल्लीत धाकटे दीर राहायचे, तेवढंच जवळचं माणूस. सासरचं घराणं बेंगळुरात कधी आलं हे त्यांनाही सांगता यायचं नाही. "आमचं मराठी तुमच्या पुण्याहून शुद्ध की ग," असं त्या मला ठणकावून सांगायच्या आणि लगेच "स्वल्प मीठ दे" म्हणायच्या.

कढीपत्ता विकणारी, बँकेतली कारकूनबाई, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एकदा त्या इंजेक्शन घ्यायला गेल्या आणि दंड उघडा टाकून डॉक्टरीणबाईंचं माहेर काढत बसल्या. डॉक्टरीणबाई सुई हातात धरून आजोळापर्यंत पोचल्या. माझा नवरा त्यांना खानेसुमारीवाल्या म्हणायचा. अर्थात त्यांच्या पाठीमागे. समोर बोलायची त्याची काय बिशाद!

अक्कांना एक गोष्ट मात्र ऐकू येत नसे, ती म्हणजे त्यांना मारलेली हाक. जिन्यात उभं राहून "अक्का, अहो अक्का" असं तीनदा ओरडावं, तेव्हा कुठे त्या मान वळवायच्या. कान तिखट होते. वर माझ्या हातून चमचा पडला तर खालून आवाज यायचा, "काय सांडलंस ग?" मी म्हटलं, म्हातारपणाचं सोंग असेल, सोयीपुरतं.

या नावांच्या नादाचं मूळ मला दुसऱ्या वर्षी कळलं. आम्ही दोघी अंगणात सांडगे घालत होतो. अक्का चौदाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या आजेसासूबाई होत्या. रमाबाई. सासू कडक, पण आजेसासू मायेची.

"सासूबाई रागावल्या की म्हातारीच्या पाठीमागं जाऊन बसायची मी," अक्का म्हणाल्या. "चौदा वर्षं तिच्या हाताखाली काढली बघ. तिचा कुठला गुडघा दुखतो, तिला वांग्याचं काय चालतं, सगळं ठाऊक. आणि माहेरचं नाव? आडनाव? एकदा विचारलं नाही. रमा तर सासरची. त्याच्या आधी ती कोण होती? जिभेला काय झालं होतं की माझ्या!"

म्हातारी गेली आणि तिच्याबरोबर ते नावही गेलं. तेव्हापासून अक्का ते शोधत होत्या. एका लुगड्याच्या तुकड्यात त्यांनी घरातले जुने कागद बांधून ठेवले होते: मुलानातवंडांच्या लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, काशीयात्रेची पत्रं. सगळीकडे रमाबाई. म्हातारीची म्हणून एकच विक्षिप्त आठवण घरात सांगितली जायची. दर माघ वद्य पंचमीला ती एक सवाष्ण जेवायला बोलवायची. कुणाच्या नावानं, असं विचारलं की म्हणायची, "रमाच्या." जिवंतपणी स्वतःच्याच नावानं सवाष्ण घालणारी म्हातारी! सगळं घर तोंडाला पदर लावून हसायचं. अक्काही हसल्या होत्या. म्हातारी गेल्यावर ती पंचमी आपोआप बंद पडली.

मग एका चैत्रात न्हाणीघरातला पितळी हंडा गळायला लागला. तीन पिढ्या त्यात अंघोळीचं पाणी तापलेलं. मी म्हटलं, "अक्का, टाका आता तो, आणि गीझर घ्या."

"माणूस सोडावं, भांडं सोडू नये," अक्का म्हणाल्या. मग आम्ही दोघी रिक्षात हंडा मांडीवर घेऊन चिकपेटला, भांडी दुरुस्त करणाऱ्या दुकानात. दुकानदार भोक शोधायला हंड्यावरची काजळी खरवडू लागला. खरवडता खरवडता थांबला आणि म्हणाला, "अक्का, इल्ली हेसरु इदे." इथं नाव आहे.

अक्कांनी पदराला थुंकी लावली आणि स्वतःच घासायला बसल्या. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली बाळबोध अक्षरं वर आली: "चि. सौ. कां. काशी हीस नारायण बाबाजी" आणि पुढे, बरोबर आडनावाच्या जागी, भोक.

अक्का दुकानाच्या पायरीवरच बसल्या. "काशी," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधी कोरलंय, म्हणून मूळचं नाव आहे. काशी होती ग ती!" डोळ्यांतलं पाणी काजळीच्या हातांनी पुसताना त्यांच्या गालांवर काळे पट्टे उमटले. भोक बुजवू नका, असं त्यांनी दुकानदाराला बजावलं आणि हंडा तसाच परत आणला. त्या वर्षीच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास त्या काळ्या हंड्याची. येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी कैरीची डाळ आणि मग काशीची गोष्ट.

भाद्रपदात पितृपक्ष आला, तेव्हा दिरांनी सगळ्यावर पाणी ओतलं. अक्कांच्या सासऱ्यांची तर्पणाची वही दिरांकडे सोवळ्यातल्या पेटीत असायची. बायकांनी हात लावायचा नाही, म्हणून अक्कांनी ती कधी पाहिलीच नव्हती. तर्पणात आईच्या वडिलांनाही पाणी देतात. दीर वही घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, आमच्या वडिलांचे आजोबा, म्हणजे म्हातारीचे वडील, गोविंद. इथं लिहिलंय. नारायण नव्हे. तुमचा हंडा कुणाशी तरी बदलून आलेला दिसतो."

दोन दिवस अक्का आंघोळीपुरत्या उठल्या आणि हंड्यासमोर बसून राहिल्या. मला त्यांची कीव आली, आणि दिरांचा रागही आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात खालून हाक आली, "सुलभा! धावत ये!"

"हंडा बदलला नाही," त्या म्हणाल्या. "दोघी होत्या."

"कोण दोघी?"

"रमा. दोन रमा. आजेसासऱ्यांचं पहिलं लग्न काशीशी झालं, तिला रमा केलं. ती गेली. दुसरी आणली, तिलाही रमाच केलं. घराला रमा पाहिजे, बाई कुठली का असेना! आणि आमची म्हातारी दर पंचमीला रमाच्या नावानं सवाष्ण घालायची..." अक्कांनी हंड्यावर हात ठेवला. "स्वतःच्या नव्हे ग. सवतीच्या. आणि आम्ही हसायचो."

मी ओला टॉवेल हातात धरून तशीच खाली बसले. ज्या बाईचा कागदोपत्री मागमूस नव्हता, तिला तिच्या सवतीनं इतकी वर्षं जेवू घातलं होतं.

दिरांना पटवायला अक्कांना अर्धा तास लागला. त्यांनी मान्य केलं, पण पहिलीलाही पाणी रमा या नावानंच द्यायचं म्हणाले, शास्त्र तसं आहे. अक्का उसळल्या. "दोन रमांत पाणी कुणाला पोचलं ते पितरांनी कसं ओळखावं, भाऊजी? स्वल्प विचार करा. काशी म्हणा." भाऊजी पुटपुटले, पण म्हणाले. अक्का दारात उभ्या राहून नीट ऐकत होत्या.

त्या माघात पंचमीची सवाष्ण मी होते. पुरणपोळी, कटाचं सार आणि हिरवं खणाचं कापड. पाटावर बसल्यावर अक्का म्हणाल्या, "काशीच्या नावानं जेव. पोटभर."

"आणि तुमच्या आजेसासूबाईंचं नाव?" मी विचारलं.

"गोविंदाची मुलगी. तेवढंच मिळालं." त्यांनी माझ्या पानात तूप वाढलं. "जिला शोधायला गेले ती हरवली ती हरवलीच. जिला कुणी शोधत नव्हतं ती सापडली. हेही काही थोडं नाही."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. पंचमी मी पुण्यात पाळते. सुना हसतात, मग मी त्यांना हंड्याची गोष्ट सांगते. पण अक्का म्हटलं की मला आठवतो तो बेंगळूर सोडण्याचा दिवस. नवऱ्याची बदली झाली होती. सामानाचा ट्रक पुढे गेला होता, रिक्षा फाटकात उभी होती. नमस्कार करून मी पत्ता लिहायला वही काढली.

"पाकिटावर काय नाव लिहू?"

"लक्ष्मीबाई लिही. पोस्टमनला तेच ठाऊक."

मी लिहिलं, आणि माझा हात थांबला. सहा वर्षं. सहा वर्षं मी या बाईच्या डोक्यावर राहिले, तिच्या हातचं जेवले, तिच्यामागून चिकपेट पालथं घातलं.

"अक्का," मी म्हटलं, "आणि मूळचं?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "लागली की ग सहा वर्षं तुला," त्या म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून, लग्नातल्या मुलीसारख्या हळूच म्हणाल्या, "वेणू."

"वेणूअक्का," मी म्हटलं.

"अक्काबिक्का लावू नको. नुसतं म्हण. वडील गेल्यापासून कुणी म्हटलं नाही."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. माझं मलाच ऐकू येईल इतक्या हळू मी म्हटलं, "वेणू."

तीन हाकांशिवाय मान न वळवणारी ती बाई पहिल्याच हाकेला म्हणाली, "ओ."