खरबुजाचा वास

मास्क लावलेल्या डॉक्टरांनी लांबूनच विचारलं, "वास येतो का?"

मी म्हणालो, "साहेब, यंदा मालालाच वास न्हाई."

ते हसले नाहीत. त्यांच्या हातातल्या कागदावर माझ्या नावापुढं पॉझिटिव्ह होतं. वास जाण्याला ते अ‍ॅनोस्मिया म्हणाले. सर्दी नसते, नाक मोकळं असतं, तरी वास लागत नाही. माझा जाऊन पाच दिवस झाले होते.

गेवराईत आमचं फळांचं दुकान आहे. मोठा भाऊ सलीम कुवेतला ट्रक चालवतो. आजार चीनमध्ये होता तोवर मी निवांत होतो. सलीमच्या जवळ, इराणात शिरला तशी माझी झोप उडाली. सलीम फोनवर सांगायचा, बहरीनला आला, आमच्या कुवेतला आला, आता ओमान. सफरचंदाच्या खोक्याचा पुठ्ठा दुकानात टांगून मी त्यावर एकेका देशाचं नाव लिहीत गेलो. ओळखीचे लोक विचारायचे, "आज कुठवर आला बे?" मी ऐटीत सांगायचो. अम्मी रोज सलीमसाठी दुआ मागायची. आमच्यासाठीही मागावी, हे कुणाला सुचलं नाही.

उन्हाळ्यात दुकान थोडाच वेळ उघडायची परवानगी होती. उमापूरचे बाबुराव शेतातली खरबुजं घेऊन आले. खरबूज देठाशी हुंगूनच घ्यायचं, ही आमची रीत. मी एक हुंगलं, दुसरं हुंगलं, काहीच नाही. कच्चा माल आणला म्हणून मी त्यांना चार शब्द सुनावले.

ते भडकले. "आरं, सगळ्या गल्लीत वास सुटलाय की! तुलाच कावून येईना?"

तिथंच मला कळायला हवं होतं. पण मी हट्टी. तेच खरबूज घेऊन घरी गेलो. अब्बा गेल्यावर दुकान अम्मीनंच सांभाळलं होतं, तिचं नाक कधी चुकत नसे. मी तिला खेटून बसलो. एकदा मी हुंगायचो, एकदा ती.

"लई गोड हाय, बेटा," ती म्हणाली. "तुलाच काय झालंय ते बघ."

मी बीडच्या दवाखान्यात असतानाच अम्मीला धाप लागली, तिलाही तिथंच आणलं. बोटाला चिमटा लावून सॅच्युरेशन बघतात, म्हणजे रक्तात प्राणवायू किती आहे ते. तिचं उतरत चाललं होतं. तिचा वॉर्ड वेगळा, मला जाऊ देत नव्हते. एक सिस्टर मात्र रोज येऊन सांगायच्या. "आज दोन घास खाल्ले." मग, "आज नुसत्या पडून हायेत." एका सकाळी, "पहाटे गेल्या."

मी सलीमला फोन लावला. त्याला वाटलं, नेहमीसारखी खुशाली विचारतोय. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "मी बरा हाय रे, अम्मीला सांग."

खरबुजाचं सगळं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "एकाच घरात राहत होता तुम्ही. त्या दिवशीच लागण झाली असं सांगता येत नाही." त्यांचे उपकार आहेत, आणि त्या सिस्टरचेही. अम्मीच्या शेवटच्या दिवसांतलं माझ्याकडं जे काही आहे, ते त्यांनीच आणून दिलेलं आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर मालाला दोष देऊ नका. आधी घरच्यांपासून लांब व्हा.

माझा वास दोन महिन्यांनी परत आला. आता दुकान उघडलं की आधी हाताला येईल ते फळ नाकाशी धरतो. गिऱ्हाइकांना वाटतं, मी माल तपासतोय.